बाभुळगावचे मासे आणि हिवाळा

परवा सकाळी सहाला बाभुळगावहून पुतण्याचा फोन. इतक्या सकाळी गावाहून फोन आला की आधी पोटात गोळाच येतो. पण पठ्ठ्या म्हणतो, "काका, मासे हालूनच नाही राह्यले."

रात्री दीड-दोनला गेलेली लाईन आली नव्हती. टाकीतला थर्मामीटर १७ दाखवत होता आणि एंजल मासे तळाशी एका कोपऱ्यात गोळा होऊन बसले होते. टाकी आहे मागच्या खोलीत. आमच्या घरातली ही सगळ्यात गार खोली. दगडी भिंती, उत्तरेला एकच खिडकी, उन्हाचा कवडसासुद्धा नाही. मे महिन्यात तिथे झोपायला भांडणं होतात आणि डिसेंबरात तिकडे कुणी फिरकत नाही. यवतमाळ जिल्हा म्हटलं की बाहेरच्यांना फक्त उन्हाळा आठवतो, पण डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १०-१२ वर येतो, कधी त्याच्याही खाली.

फोनवर त्याला काय करायचं ते सांगितलं (ते पुढे येईलच), आणि मग झोप काही लागली नाही. त्याच टाकीची एक जुनी गोष्ट डोक्यात फिरत राहिली. म्हणून हे लिहायला बसलो.

काचेच्या पेटीत मासे पाळायचा छंद तसा फार जुना नाही. रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानं १८५० मध्ये दाखवून दिलं की गोल्डफिश, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवल्या तर पाणी रोज न बदलताही सगळे सुखानं जगतात. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणीसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं. (त्याच वर्षी निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला आणि बोरीबंदर-ठाणे आगगाडी सुटली. संबंध काही नाही, पण अशा जुळणाऱ्या सनावळ्या मला उगाच आवडतात.) या सुरुवातीच्या टाक्यांमध्ये पाणी तापवायचा प्रश्नच नव्हता. त्यात इंग्लंडच्याच किनाऱ्यावरचे किंवा तळ्यातले, थंडीला सरावलेले जीव असायचे.

प्रश्न आला तो उष्ण प्रदेशातल्या माशांबरोबर. १८६९ मध्ये पॅरिसच्या पिएर कार्बोनिए यांच्याकडे चीनमधून पॅराडाइज फिश आले आणि त्यांनी ते वाढवले. हे मासे तसे काटक, थोडी थंडी खपवून घेणारे. पुढे बोटींमधून दक्षिण अमेरिका, आफ्रिका आणि आपल्याकडचेही मासे युरोपात जाऊ लागले आणि तिथल्या हिवाळ्यात मरू लागले. मग लोकांनी केलं काय, तर टाकीचा तळ पाटीच्या दगडाचा किंवा पत्र्याचा केला आणि खाली चक्क दिवा लावला! तेलाचा, स्पिरिटचा, शहरात गॅसचा. चुलीवर पातेलं ठेवावं तशी टाकी. खोलीत धूर, वास, आणि रात्रभर एकच काळजी. दिवा विझला तर मासे गारठणार, वात मोठी राहिली तर शिजणार.

या छंदाचा इतिहास वाचताना मला जाणवलं ते हे, की पाणी तापवणं कुणालाच कधी जड गेलं नाही. अडलं ते वेळेवर थांबवण्यापाशी. दिव्याला थांबायचं कळत नाही. वीज आल्यावर काचेच्या नळीत तारेचं वेटोळं घालून हिटर केले, पण त्यांनाही थांबायचं कळत नव्हतं. माणसानंच उठून बटण बंद करायचं.

थांबायचं शिकवलं दोन धातूंच्या पट्टीनं. पितळ आणि पोलाद तापल्यावर सारखं वाढत नाही, पितळ जास्त वाढतं. दोन्हीच्या पट्ट्या एकमेकींना जोडल्या की ऊब लागताच जोडपट्टी वाकते. जॉन हॅरिसन या घड्याळजीनं अठराव्या शतकात ती समुद्रावरच्या घड्याळासाठी वापरली. मग १८३० मध्ये अँड्र्यू यूर या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञानं अशाच पट्टीच्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि त्याला थर्मोस्टॅट हे नाव दिलं. तेव्हा तापमान सारखं राखायची गरज होती ती कापडगिरण्यांना. म्हणजे आमच्या कापसाच्या मुलखाशी लांबचं का होईना, नातं निघालंच :-)

हीच पट्टी पुढे माशांच्या हिटरमध्ये आली. पाणी पुरेसं तापलं की पट्टी वाकते, संपर्क तुटतो, करंट बंद. गार झालं की पट्टी सरळ, पुन्हा चालू. पण दर वेळी संपर्क तुटताना बारीकशी ठिणगी पडते. तोडणं हळूहळू झालं तर ठिणगी मोठी. म्हणून शेजारी इवलंसं लोहचुंबक बसवतात, म्हणजे पट्टी टचकन सुटते. तरीही वर्षानुवर्षं ठिणग्या खाऊन कधीतरी ती दोन टोकं एकमेकांना चिकटतात. मग हिटर पुन्हा तो जुना दिवा होतो.

आता ती जुनी गोष्ट. २००७ चा जानेवारी. गावाकडे भारनियमनाचे दिवस, वीज दिवसातून थोडेच तास आणि तीही पडेल दाबाची. दाब २३० ऐवजी १७० असला तर १०० वॅटचा हिटर जेमतेम ५५ वॅटचं काम करतो. बाबांनी तेव्हा नुकतीच टाकी घेतली होती. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच, म्हणजे साधारण ५५ लिटर. चार एंजल. निवृत्तीनंतर शाळेची घंटा चुकली म्हणून माशांच्या खाण्याची वेळ, असं त्यांचं चाललं होतं. मी सुट्टीत गेलो आणि हुशारी केली. एवढं पाणी एक अंश तापवायला १०० वॅटच्या हिटरला पाऊण तासाच्या आसपास लागतो, मग वीज असते तेवढ्यात ते तापणार कधी? असा हिशोब करून मी ३०० वॅटचा हिटर आणून बसवला. हिशोब बरोबर होता. चौथ्या रात्री पट्टी चिकटली. नेमकी त्या रात्री वीज गेलीच नाही. पहाटे टाकीला हात लावला तर अंघोळीचं पाणी.

१०० वॅटचा असता तर त्या गार खोलीत पाणी इतकं चढायलाच वेळ लागला असता, सकाळपर्यंत कुणाच्या तरी लक्षात आलं असतं. बाबा मला एक अक्षर बोलले नाहीत. टाकी रिकामी करून पुसून माळ्यावर ठेवली आणि नंतर कधी भरली नाही. पुतण्यानं मागच्या वर्षी काढली ती तीच टाकी.

असो.

खरं तर आमच्या घरी मासे त्याआधीही होते, विहिरीत. आरोग्य खात्याची माणसं डासांच्या अळ्या खायला गप्पी मासे सोडतात, ते तुम्ही पाहिलेच असतील. गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेचा. १८६६ मध्ये त्रिनिदादहून रॉबर्ट गप्पी यांनी त्याचे नमुने लंडनला पाठवले, त्यावरून हे नाव. लोकांना वाटतं गप्प बसतो म्हणून गप्पी! डासांचा आणि हिवतापाचा संबंध रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये सिकंदराबादला सिद्ध केला, त्यानंतर अळ्या खाणाऱ्या माशांना मोल आलं. गप्पीही उबेतलाच मासा, तरी आमच्या विहिरीत तो हिवाळ्यामागून हिवाळे राहिला. ना दिवा, ना पट्टी.

कारण आजीला ठाऊक होतं. "थंडीत हिरीचं पानी कुनकुनं असते बाप्पा," म्हणत ती पहाटे पहिली बादली काढायची आणि बादलीतून वाफ निघायची. जमिनीत दहा-पंधरा मीटर खाली हिवाळा-उन्हाळा पोचतच नाही, तिथे वर्षाची सरासरी मुरलेली असते. आमच्याकडे ती २५ अंशांच्या आगेमागे. शिवाय पाणी पुष्कळ. पात्राची लांबी-रुंदी-उंची दुप्पट केली की पाणी आठपट होतं पण गार होणारी बाजू चौपटच. म्हणून वाटी चटकन गारठते, हौद उशिरा, आणि तालुक्यातलं बेंबळा धरण तर त्याहून कितीतरी उशिरा.

तर पुतण्याला सांगितलं ते एवढंच. आधी टाकीवर झाकण ठेव. उघडी टाकी म्हणजे माठच. कपभर पाण्याची वाफ झाली की ५५ लिटर पाणी एक अंश गार होतं. मग थोडी फट ठेवून तिन्ही बाजूंनी गोधडी गुंडाळ, खाली थर्मोकोल सरकव. टाकीतलं बादलीभर पाणी काढ आणि बोअरचं ताजं, हातपंपाचं, बादलीभर घाल. पण घालायच्या आधी ते दोन-तीनदा उंचावरून ओत, जमिनीखालच्या पाण्यात हवा कमी असते. १० लिटरला दीड अंश मिळतो. अर्ध्या तासानं दुसरी बादली. मध्ये गरम पाण्याची लिटरभर बाटली घट्ट झाकून तरंगत सोड, तिचा एक अंश. घाई करू नको. पंप बंद आहे म्हणून घाबरू नको, गार पाण्यात हवा जास्त मावते. आणि आठवडाभर अंगावर पांढरे ठिपके दिसतात का बघ, गारठलेल्या माशांना ते हमखास होतात.

दहाला त्यानं फोटो पाठवला. थर्मामीटरवर २१. मासे मधल्या पाण्यात आले होते. फोटोत कडेला खुर्चीचा हात आणि त्यावर बाबांचा हात दिसत होता. "आबाजी सकाळपासून इथंच बसले हाय," त्यानं खाली लिहिलं होतं. आणि मग, "काका, मोठा हिटर घेऊन टाकू का?"

मी लिहिलं, शंभरचाच ठेव.