एक्स, वाय, झेड : इंजिनांची बाराखडी

नागपूरच्या अजनी शेडमधल्या इंजिनावर 'डब्ल्यूएजी-९' लिहिलेलं असतं. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, ए म्हणजे एसी वीज, जी म्हणजे मालगाडी आणि ९ हा नमुना. या बाराखडीचं मूळ वाफेच्या काळात आहे, आणि तिची गरज का पडली हे नागपूरकराला चटकन पटावं.

१८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वे ब्रॉडगेजवरून नागपुरात पोचली. १८८०च्या दशकात छत्तीसगडकडे मीटरगेज निघाली. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेनं ती ताब्यात घेऊन ब्रॉडगेज केली, आणि पुढे सातपुड्यात अडीच फुटी नॅरोगेजचं जाळं पसरवलं. एकाच शहरानं तिन्ही रुंदीचे रूळ पाहिले.

सुरुवातीला इंजिनांना नावं असत. १८५२ साली मुंबईत आलेलं इंजिन गव्हर्नरच्या नावानं 'लॉर्ड फॉकलंड' होतं. इंजिनं मोजकी असेपर्यंत हे ठीक. शेकड्यांनी झाली की कुठला सुटा भाग कुणाला बसेल, हे नावावरून कसं कळणार? मग कंपन्यांनी वर्गाला अक्षरं दिली, पण प्रत्येकीची आपापली. बंगाल नागपूरच्या नॅरोगेजवर पॅसेंजर ओढणारं इंजिन 'सीसी'. त्या दोन अक्षरांत ना रुळाची रुंदी, ना काम.

चाकं मोजण्याची व्हाइट पद्धत १९००च्या सुमारास आली, तीही पुरेशी नव्हती. खरा तोडगा १९२०च्या दशकातल्या भारतीय प्रमाण आराखड्यांनी काढला: एक्स ब्रॉडगेज, वाय मीटरगेज, झेड अडीच फुटी. एक्सए, एक्सबी, एक्ससी ही तिन्ही पॅसेंजर इंजिनं, तिघांची चाकांची मांडणी ४-६-२ अशी एकच. फरक होता तो वजनाचा: हलकं, मध्यम, जड. कुठल्या पुलावरून कुठलं इंजिन न्यायचं, हा प्रश्न दुसऱ्या अक्षरानं सुटे. मला ही योजना फार आवडते, कारण ती चाकांआधी रुळाचा विचार करते.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रॉडगेजला डब्ल्यू मिळालं: १९४७चं 'डब्ल्यूपी' पॅसेंजरसाठी, 'डब्ल्यूजी' मालासाठी. दुसरं अक्षर आता वजन सोडून काम सांगू लागलं. डिझेल आल्यावर मध्ये डी घुसला. म्हणून नागपूरच्याच मोतीबाग शेडमधल्या नॅरोगेज डिझेलवर 'झेडडीएम' आलं. त्यातला झेड जुनाच.