थाळनेरची वाटणी आणि १५०८ चा फारुकी वारसाकलह

खानदेशातील १५०८-०९ चा सत्तासंघर्ष म्हणजे गुजरातच्या सुलतान महमूद बेगड्याची स्वारी, असे त्याचे वर्णन सामान्यतः केले जाते. ते अपुरे वाटते. या स्वारीचे मूळ तापीकाठच्या थाळनेर येथे, शतकभरापूर्वी झालेल्या एका वाटणीत आहे.

फारुकी सत्तेचा संस्थापक मलिक राजा १३९९ मध्ये मरण पावला. थाळनेर त्याने धाकटा मुलगा इफ्तिखार हसन यास दिले होते. थोरला नसीर खान याचे केंद्र लळिंग होते. पुढे त्याने आसीरगड हस्तगत केला. १४१७ मध्ये माळव्याच्या हुशंगशाहाच्या साहाय्याने नसीरने थाळनेरही घेतले. घरच्या तंट्यात शेजारच्या सुलतानास बोलावण्याचा पायंडा येथेच पडला. हसनच्या शाखेस गुजरातेत आश्रय मिळाला.

१५०८ मध्ये दाऊद खान वारला. त्याचा पुत्र गझनी खान जेमतेम दहा दिवस गादीवर राहिला आणि विषप्रयोगाने मारला गेला. थेट वारस उरला नाही. दरबारातील प्रबळ सरदार मलिक हिसामुद्दीन याने अहमदनगरच्या निजामशाहाच्या पाठिंब्याने आलम खान नावाच्या फारुकी राजपुत्रास पुढे केले. त्याचा प्रतिस्पर्धी मलिक लादन आसीरगडावर ठाण मांडून बसला. गुजरातचा उमेदवारही योगायोगाने आलम खानच होता. हा दुसरा आलम खान हसनचा वंशज व महमूद बेगड्याचा दौहित्र. नव्वद वर्षांपूर्वी पराभूत झालेली शाखा अशी परक्या फौजेसह परतली. महमूदने थाळनेर घेतले, दक्षिणी फौजा माघारी फिरल्या आणि १५०९ मध्ये हा आलम खान आदिल खान (तिसरा) म्हणून गादीवर बसला.

येथे आक्रमकापेक्षा सरदारवर्गाची जबाबदारी मोठी मानावी लागते. दोन गटांपैकी एकानेही बाहेरच्या सैन्याशिवाय प्रश्न सोडविण्याचा विचार केल्याचे दिसत नाही. हिसामुद्दीनने पुढे पुन्हा अहमदनगरशी संधान बांधले व त्यात तो मारला गेला. खानदेशचे राज्य नावापुरते टिकले, पण राजाची निवड गुजरातच्या सुलतानाने केली होती.

या नात्याची दुसरी बाजूही नोंदविण्यासारखी आहे. आदिल खानाचा विवाह गुजरातच्या राजघराण्यात झाला. त्यामुळे बहादूरशाहाच्या मृत्यूनंतर १५३७ मध्ये आदिल खानाचा पुत्र मिरान मुहंमद याचीच गुजरातच्या गादीसाठी निवड झाली. तो गुजरातेत पोहोचण्यापूर्वीच वारला.