तलवार गिळणारा आणि जामखेडची एसटी

जिवंत माणसाच्या जठरात पहिल्यांदा डोकावायचे होते तेव्हा तलवार गिळणारा खेळकरी शोधावा लागला. १८६८ साली जर्मनीत अडोल्फ कुसमाउल यांनी त्याच्या घशातून ४७ सेंटीमीटरची ताठ नळी खाली उतरवली. उजेड पुरला नाही, फारसे काही दिसले नाही. शिवाय साध्या माणसाने असली नळी गिळायची, तर अन्ननलिका फाटण्याचे भय होतेच.

पुढची नव्वद वर्षे नळी वाकती करण्यात गेली. रुडॉल्फ शिंडलर यांनी १९३२ मध्ये अर्धी लवचिक दुर्बीण आणली. १९५७ मध्ये बेसिल हिर्शोविट्झ यांनी काचतंतूंची, पूर्ण वाकणारी दुर्बीण रुग्णाआधी स्वतःच गिळली. हळूहळू तपासणी काही मिनिटांवर आली आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जाऊ लागला.

नुसत्या तपासणीत भोक पडणे आता हजारोंत एखाद्याच्या वाट्याला येते. अधिक जपावे लागते ते गुंगीच्या इंजेक्शनाला. त्याने श्वास मंदावू शकतो, रक्तातला ऑक्सिजन उतरू शकतो. म्हणून बोटाला ऑक्सिमीटर लावतात. पोटातले श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून उपाशी बोलावतात. अनेकांची तपासणी नुसता घसा बधिर करूनही होते.

म्हणजे धोका नळीतून बराचसा निघाला, पण काही अंशी परतीच्या वाटेवर गेला. नगरहून, म्हणजे आताच्या अहिल्यानगरहून, जामखेड सत्तरेक किलोमीटर. पहाटे उपाशी निघालेला माणूस दुपारी अर्धवट गुंगीत एसटीत बसतो, नाहीतर स्वतःच मोटारसायकलला किक मारतो. गुंगी दिल्यावर चोवीस तास वाहन चालवायचे नाही, सोबत जाणते माणूस हवे, हे त्याला घाईत सांगितलेले असते. छातीत-पोटात असह्य कळ, मानेला सूज, ताप, धाप, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच यांतले काही उद्भवलेच, तर ते रात्री गावात उद्भवणार.

याच जामखेडला १९७० मध्ये रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी आरोग्यप्रकल्प सुरू केला. अक्षरओळखही नसलेल्या बायकांना त्यांनी गावच्या आरोग्यसेविका केले. आजाराची खूण ओळखायला आणि वेळेत दवाखाना गाठायला पदवी लागत नाही, हे त्या बायकांनी दाखवले.

दुर्बिणीची तपासणी टाळू नये. फक्त सोबत आलेल्या माणसाला या खुणा मराठीत, सावकाश सांगाव्यात आणि रात्री लागणारा फोन नंबर द्यावा. तोवर तपासणी पुरी झाली असे समजू नये.