पेप

पेप : पायथन या संगणकभाषेच्या येणाऱ्या आवृत्तीत कोणती नवी सोय घालायची, केव्हा घालायची आणि कोणती घालायचीच नाही, हे ज्यावरून ठरते तो क्रमांकित लेखी प्रस्ताव. या प्रस्तावांवर चालणाऱ्या सबंध व्यवस्थेलाही सैलपणे हेच नाव दिले जाते. कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये हे काम प्रॉडक्ट मॅनेजरचा रोडमॅप करतो; त्यात तिमाहीवार फीचर्स मांडलेली असतात. पायथनचा असा एकच आराखडा नाही. आवृत्तीची तारीख आधी ठरते आणि त्या मुदतीत जे मंजूर होऊन लिहून तयार असेल तेवढे आत जाते. बाकीचे पुढच्या वर्षावर.

घडण : पहिला पेप १३ जून २००० चा. बॅरी वॉर्सॉ, जेरेमी हिल्टन आणि डेव्हिड गुजर आदींच्या नावावर असलेल्या या दस्तऐवजात पेप कसा लिहावा याचेच नियम आहेत. प्रस्तावात गरज, कारणमीमांसा, नेमका तपशील आणि जुन्या प्रोग्रॅमांवर होणारा परिणाम हे भाग असतात. कोअर डेव्हलपर (पायथनच्या मूळ प्रोग्रॅममध्ये बदल करण्याचा अधिकार असलेला सदस्य) नसलेल्या लेखकाला पुरस्कर्ता मिळवावा लागतो; तो बहुधा एखादा कोअर डेव्हलपरच असतो. यानंतर सार्वजनिक चर्चा होते आणि मसुदा अनेकदा बदलतो. शेवटी तो स्वीकृत, नाकारलेला, मागे घेतलेला किंवा लांबणीवर टाकलेला ठरतो. निकाल काहीही लागला तरी क्रमांक कायम राहतो आणि मजकूर पुसला जात नाही.

प्रत्येक पेपमध्ये ‘नाकारलेल्या कल्पना’ असा एक भाग अपेक्षित असतो. अभ्यासकाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा भाग हाच. साध्या रोडमॅपवर फक्त येणाऱ्या गोष्टी दिसतात. गळलेली गोष्ट का गळली हे सहा महिन्यांनी कोणालाच आठवत नाही आणि तीच मागणी नव्या उत्साहाने पुन्हा मांडली जाते. पेपमध्ये मात्र नकारही नोंदलेला राहतो. पेप ३१३६ मध्ये एकात एक असलेल्या लूपमधून थेट बाहेर पडण्यासाठी लेबलची सोय मागितली होती. पायथनचे जनक गिडो व्हॅन रॉसम यांनी २००७ मध्ये ती नाकारली. अशी गरज खरोखर पडेल असे प्रोग्रॅम फारच विरळ, आणि सोय दिली तर तिचा गैरवापरच जास्त होईल, असे कारण त्यांनी दिले. पेप ४०४ तर केवळ नकारासाठीच आहे : पायथन २.८ ही आवृत्ती निघणार नाही, एवढेच सांगण्यासाठी तो लिहिला गेला.

वेळापत्रक : पूर्वी दोन आवृत्त्यांमध्ये साधारण दीड वर्षाचे अंतर असे. वूकाश लांगा यांच्या पेप ६०२ ने २०१९ मध्ये ते बारा महिन्यांवर आणले. नवी आवृत्ती दर ऑक्टोबरमध्ये येते. तिचे काम मात्र आधीच्या आवृत्तीचा पहिला बीटा (चाचणीसाठीचे रूप) निघताच सुरू होते, त्यामुळे एकूण सतरा महिने मिळतात आणि दोन आवृत्त्यांची कामे पाच महिने शेजारी शेजारी चालतात. मे महिन्यातला पहिला बीटा ही खरी सीमारेषा. त्या दिवसापासून नव्या सोयींना दार बंद. पुढे फक्त दुरुस्त्या. वरकरणी ही शिस्त कडक वाटते, पण तिने घाई कमी झाली असेच म्हणावे लागते, कारण हुकलेली सोय दीड वर्षाऐवजी वर्षभरात पुन्हा संधी मिळवते.

निर्णयाधिकार : २०१८ पर्यंत शेवटचा शब्द व्हॅन रॉसम यांचा होता, ‘तहहयात हितकारी हुकूमशहा’ ही त्यांची पदवी अर्थातच थट्टेतली. मतदानाचा प्रयोग पूर्वी एकदा झाला होता. एकाच ओळीत अट लिहिण्याच्या सोयीसाठी (पेप ३०८) २००३ मध्ये मते घेतली, पण पर्यायच इतके होते की कोणत्याच रूपाला स्पष्ट कौल मिळाला नाही. दोन वर्षांनी व्हॅन रॉसम यांनी स्वतःच एक रूप निवडले आणि ते २००६ च्या २.५ आवृत्तीत आले. पेप ५७२ (अभिव्यक्तीच्या आतच चलाला किंमत देण्याची सोय) मंजूर केल्यावर १२ जुलै २०१८ रोजी व्हॅन रॉसम अधिकारपदावरून दूर झाले. या पेपवरून झालेल्या वादात कोणाचे किती चुकले याबद्दल मतभेद आहेत. डिसेंबर २०१८ च्या मतदानात पाच जणांच्या संचालन मंडळाची पद्धत निवडली गेली (पेप ८०१६). एकाच मालकाकडे नोकरी करणारे दोनांपेक्षा अधिक सदस्य मंडळात असू शकत नाहीत.

मंजुरीनंतर : मंजूर झालेली सोयही अडते, याचे ठळक उदाहरण पेप ५६३. टाइप-टिपणांचे (चलाचा प्रकार सांगणाऱ्या नोंदींचे) मूल्य लगेच न काढता ती मजकूर म्हणून साठवण्याची ही पद्धत ३.१० मध्ये आपोआप लागू व्हायची होती. पहिला बीटा ३ मे २०२१ ला निघणार होता. एप्रिलच्या मध्याला पायडँटिक या लोकप्रिय लायब्ररीकडून हरकत आली : टिपणे प्रोग्रॅम चालू असताना वाचणारी साधने यामुळे मोडतील. २० एप्रिलला मंडळाने बदल पुढे ढकलला. तो त्या रूपात पुन्हा आलाच नाही. पेप ६४९ आणि ७४९ यांचा वेगळा उपाय ३.१४ मध्ये आला. बीटाच्या तोंडावर माघार घेणे कोणत्याही नियोजनात नामुष्कीचे मानले जाते. येथे ती व्यवस्थेची जमेची बाजू धरावी.

सॅम ग्रॉस यांचा पेप ७०३ (एका वेळी एकच थ्रेड चालू देणारे कुलूप काढण्याची मुभा) ऑक्टोबर २०२३ मध्ये स्वीकारताना मंडळाने टप्पे पाडले आणि गरज पडल्यास माघारीचा हक्कही राखून ठेवला. कुलूप नसलेली पायथनची बांधणी ३.१३ मध्ये प्रायोगिक होती, ३.१४ मध्ये अधिकृत झाली. मूळ बांधणी मात्र अजून कुलपासहितच.

वगळणूक : जुन्या सोयी काढण्यासाठीही पेप लिहिला जातो. पेप ५९४ नुसार ३.१३ मधून सीजीआय, टेलनेटलिब अशी १९ जुनी मोड्यूल्स गेली.

देवनागरी : मार्टिन फॉन लोव्हिस यांच्या पेप ३१३१ (२००७) मुळे पायथन ३ मध्ये ‘बेरीज’ किंवा ‘विद्यार्थी’ अशी चलनामे चालतात, मात्रा, अनुस्वार, हलन्त यांना नावात जागा आहे. भाषेसोबत येणाऱ्या लायब्ररीत मात्र रोमन अक्षरांतलीच नावे हवीत, असे तोच पेप सांगतो. देवनागरी आकड्यांचा मजकूर संख्येत बदलता येतो, पण प्रोग्रॅममध्ये थेट १२३ लिहिलेले चालत नाही. मराठी लेखकाला खास नडते ते ‘पायऱ्या’सारख्या शब्दांतले अर्धे ऱ्. काही कीबोर्डवर ते र, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह (झीरो विड्थ जॉइनर) मिळून उमटते. हे चिन्ह नावात निषिद्ध असल्याने पडद्यावर अगदी बरोबर दिसणाऱ्या ओळीवर पायथन अदृश्य अक्षराची चूक दाखवतो. अशा नावात नुक्ता असलेला ऱ आणि त्यापुढे हलन्त टंकावा.