ताज्या मालाच्या दोन वाटा

वसई तालुक्यांतील गास आणि त्याच्या आसपासचीं गांवें पूर्वीपासून वाड्यांचीं. विहिरीच्या पाण्यावर पिकविलेली भाजी व फुलें हें तेथील धन. १८६७ सालीं विरारहून मुंबईस आगगाडी जाऊं लागली, तेव्हां या बागायतदारांना मोठें शहर जवळ आलें. पण माल विकावा कसा? व्यापाऱ्यास एकरकमी देऊन मोकळें व्हावें, कीं घरच्या बाईनें टोपली घेऊन गिऱ्हाइकाचें दार गांठावें? पहिल्या वाटेनें दर कमी, परंतु न खपलेल्या मालाची चिंता व्यापाऱ्याची. दुसरींत चार पैसे अधिक; पण सकाळची भाजी सायंकाळीं शिळी झाली, तर तोटा आपला.

हाच पेंच पुढें संगणकाच्या व्यापारांत पडला, याचें प्रथम नवल वाटेल. यंत्र कांहीं कोमेजत नाहीं. तथापि त्याचे सुटे भाग झपाट्यानें स्वस्त होतात आणि अधिक वेगवान भाग बाजारांत येतात. दुकानाच्या फळीवर तीन महिने पडून राहिलेला संगणक एका अर्थीं शिळाच होय.

१९८१ सालीं आय. बी. एम. कंपनीनें आपला घरगुती संगणक काढला, तो दुकानांच्या साखळ्यांतून विकला. पुढील वर्षीं स्थापन झालेल्या कॉम्पॅकनेंही विक्रेत्यांचाच आश्रय केला. १९८४ सालीं टेक्सासमधील मायकेल डेल या विद्यार्थ्यानें एक हजार डॉलरच्या भांडवलावर निराळा मार्ग धरला. मागणी आधीं घ्यावयाची, यंत्र मागाहून जोडावयाचें. गिऱ्हाइकाचा पैसा अगोदर हातीं येई, सुटे भाग पुरविणाराचा मागाहून द्यावा लागे. आणि तयार माल सांठून शिळा होण्याचा प्रसंगच येत नसे. मध्यंतरीं या कंपनीनें दुकानांतून विक्री करून पाहिली आणि ती सोडून दिली. १९९६ पासून ती इंटरनेटवरून मागणी घेऊं लागली, आणि २००१ सालीं विक्रींत जगांत पहिली आली. कॉम्पॅक दुसऱ्याच वर्षीं ह्यूलेट-पॅकार्डमध्यें विलीन झाली.

दुकानाचा पराभव झाला, असें तेव्हां अनेकांस वाटलें. परंतु संगणक कचेरींतून घरांत आला, मांडीवर बसला, तेव्हां गिऱ्हाईक बदललें. त्याला पडदा पाहावयाचा होता, कळा दाबून बघावयाच्या होत्या, बिघडल्यास कोणाकडे जावें हें ठाऊक असावयास हवें होतें. २००६ च्या अखेरीस पहिला क्रमांक ह्यूलेट-पॅकार्डकडे गेला. २००७ सालीं डेलनेंही वॉलमार्टच्या दुकानांत आपलीं यंत्रें ठेविलीं.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील लहान दुकानदारांनीं याहून सोपी तोड काढली होती. गिऱ्हाइकासमोर सुटे भाग निवडावयाचे, त्याच्या ऐपतीप्रमाणें यंत्र जोडून द्यावयाचें. तयार यंत्रांचा सांठा नाहीं, आणि बिघाड झाल्यास परतून जाण्यास ओळखीचा माणूस आहे.

२०१६ सालीं महाराष्ट्र शासनानें फळें व भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनांतून वगळला, तेव्हां मध्यस्थ हटला म्हणून आनंद झाला. पण मध्यस्थ गेला तरी त्याचें काम जात नाहीं. माल ताजा असतां गिऱ्हाईक शोधणें, त्याचा विश्वास राखणें आणि उरल्यासुरल्याचा तोटा सोसणें, हें कोणासतरी करावेंच लागतें. वसईच्या वाडींतून टोपली घेऊन निघणाऱ्या बाईला तें पहिल्या फेरींतच कळलें असेल.