जिंझू नदीकाठचं भात



जपानी पद्धतीची भातलागवड आपल्याकडच्या जुन्या मंडळींना चांगली आठवते. त्याच जपानातल्या भाताची ही हकिकत ऐकून ठेवा.

तोयामा प्रांतात जिंझू नावाची नदी आहे. तिच्या वरच्या अंगाला, कामिओकाच्या डोंगरात, जस्त-शिशाची मोठी खाण होती. जस्ताच्या खनिजात कॅडमियम नावाचा धातू असतो. तो सांडपाण्याबरोबर नदीत जाई आणि नदीचं पाणी पाटानं खाचरात. लोक तेच पाणी पीत, तोच भात खात.

त्या गावांतल्या बायकांची कंबर दुखू लागली. बहुतेक जणी चाळिशी-पन्नाशीच्या, बरीच बाळंतपणं झालेल्या. पुढं चाल बिघडे, उंची घटे, आणि शेवटी नुसत्या खोकल्यानं बरगडी मोडे. त्या 'इताई, इताई' म्हणून विव्हळत, म्हणजे 'दुखतंय गं, दुखतंय'. रोगाचं नावच 'इताई-इताई' पडलं.

गावातले डॉक्टर नोबोरू हागिनो यांनाही आधी वाटलं, अतिकष्टानं आणि निकस अन्नानं हे होत असावं. पण रोगी जिंझूचं पाणी फिरणाऱ्या गावांतच सापडत. १९५७ साली त्यांनी खाणीवर बोट ठेवलं. पिकाच्या नुकसानीचा अभ्यास करणारे शेतीशास्त्रज्ञ योशिओका यांना साथीला घेऊन १९६१ साली त्यांनी कॅडमियमचं नाव पुढं आणलं. यात आमच्या धंद्यातला माणूस होता, याचा मला जरा अभिमान वाटतो!

कॅडमियम मूत्रपिंडात साठतं आणि वर्षानुवर्षं निघत नाही. मूत्रपिंडाच्या बारीक नळ्या बिघडल्या की अंगातलं फॉस्फरस नि कॅल्शियम लघवीवाटे वाहून जातं. हाडांना लागणारं ड जीवनसत्त्वही मूत्रपिंडातच कामाजोगं होतं, तेही अडतं. मग हाडं मऊ पडतात.

१९६८ साली रोगी कोर्टात गेले. त्याच वर्षी सरकारनं कारण मान्य केलं. १९७१ साली निकाल रोग्यांच्या बाजूनं लागला, १९७२ साली अपिलातही टिकला. कंपनीनं आणखी एक गोष्ट लिहून दिली: गावकऱ्यांनी तज्ज्ञ घेऊन केव्हाही यावं, कारखाना तपासावा. भरपाईपेक्षा मला हे कलम मोठं वाटतं. सुमारे ८६० हेक्टर जमिनीची दुरुस्ती मात्र तीस वर्षांहून जास्त चालली. ती २०१२ साली पुरी झाली.

तिथं खाचरात जिथून पाणी शिरे, त्या तोंडाशी विष जास्त सापडलं, कारण गाळ तिथंच बसतो. एरवी माती परीक्षणाचा नमुना घेताना पाटाजवळची जागा टाळा, असं आम्हीच सांगतो. पण तुमच्या ओढ्याला कारखान्याचं पाणी मिळत असेल तर त्या तोंडाची माती वेगळ्या पिशवीत घ्या आणि चिठ्ठीवर 'कॅडमियम तपासा' असं स्पष्ट लिहा. नेहमीच्या तपासणीत ते बघत नाहीत.