भुईकाटा : दंडाच्या यंत्रापासून हक्काच्या पावतीपर्यंत

१/ ब्रिटनमध्ये मोटरहोम घेऊन दूरच्या सहलीला निघणारी अनेक मंडळी प्रस्थानापूर्वी एक काम आवर्जून करतात. पाणी, गॅस, सायकली, सामान आणि घरची माणसे यांसह ती गाडी सार्वजनिक भुईकाट्यावर नेतात आणि स्वतः पैसे मोजून तिचे वजन करवून घेतात. एके काळी याच काट्याला तेथील गाडीवान वचकून असत. हा बदल कसा घडला? #थ्रेड

२/ सतराव्या शतकात इंग्लंडचे रस्ते कच्चे होते. जड गाड्यांची चाके ते उखडून काढीत. म्हणून १६६२ च्या कायद्याने मालवाहू गाडीच्या भारावर मर्यादा घातली : हिवाळ्यात २० हंड्रेडवेट, उन्हाळ्यात ३०. (एक हंड्रेडवेट म्हणजे ११२ पौंड, सुमारे ५१ किलो.) परंतु भरलेली गाडी रस्त्यात तोलायची कशी, हा प्रश्न उरलाच.

३/ पुढे रस्त्यांची देखभाल टोल वसूल करणाऱ्या ‘टर्नपाइक’ न्यासांकडे गेली. १७४१ च्या कायद्याने त्यांना नाक्यावर वजनयंत्र उभारण्याची मुभा दिली. गाडीसह एकूण वजन ६० हंड्रेडवेटच्या वर गेले, तर प्रत्येक जादा हंड्रेडवेटला २० शिलिंग आकार! त्या काळी ही रक्कम जबर होती.

४/ आरंभीची यंत्रे म्हणजे अवाढव्य तराजूच. साखळ्या अडकवून आख्खी गाडी अधांतरी उचलावी लागे. सफकमधील वुडब्रिज येथे एका जुन्या खानावळीच्या भिंतीबाहेर असे यंत्र आजही लटकलेले दिसते.

५/ या पद्धतीला उत्तर शोधले जॉन वायट याने. लुईस पॉलबरोबर सूतकताईच्या यंत्रावर काम करणारा हाच तो कारागीर. १७४० च्या दशकात त्याने रस्त्याच्या पातळीत बसणारा फलाट रचला. त्याखाली एकमेकांना जोडलेल्या तरफा होत्या. गाडी फलाटावर कोठेही उभी राहो, वजन तेच येई. आणि टनावारी भार थोड्याशा वजनांनी तोलला जाई. आजच्या भुईकाट्याचा हा पूर्वज.

६/ यंत्र प्रामाणिक होते. माणसे तशी असतीलच असे नव्हते. टोलवसुली बहुधा लिलावाने ठेकेदाराकडे जाई. जादा वजनाच्या दंडावर ज्याची कमाई, त्याच्याच हाती काटा! मग तडजोडी होत. गाडीवानही कमी नव्हते : नाक्याअलीकडे काही माल उतरवायचा आणि पलीकडे पुन्हा चढवायचा.

७/ एकोणिसाव्या शतकारंभी जॉन मॅकॅडमने हा वाद मुळापासूनच उलटवला. वाहतुकीला रस्त्याजोगे करण्यापेक्षा रस्ताच वाहतुकीजोगा बांधा, असे त्याचे सांगणे. १८१६ मध्ये तो ब्रिस्टलच्या रस्त्यांचा सर्वेक्षक झाला आणि खडीचे मजबूत थर देऊन त्याने ते सिद्धही केले.

८/ ‘काटा कोणाच्या हाती?’ हा प्रश्न मात्र सुटला नव्हता. कोळसा खाणीत मजुरी वजनावर ठरे आणि वजन करी मालकाचा माणूस. १८६० च्या खाण कायद्याने कामगारांना आपला स्वतंत्र वजन-तपासनीस नेमण्याचा हक्क दिला. तोलणाऱ्यावर नजर ठेवण्याचा अधिकार आता ज्याचा माल तोलला जाई त्याला मिळाला.

९/ ब्रिटनचा १९८५ चा वजनमापे कायदा याच वाटेवरचा. सार्वजनिक काटा चालवणाऱ्याकडे पात्रतेचे प्रमाणपत्र हवे. सबळ कारणाविना वजन करण्यास नकार देणे, तसेच खोटे वजन नोंदवणे, हा गुन्हा.

१०/ आता मोटरहोमकडे परत येऊ. तेथील बहुसंख्य मोटरहोमांची कमाल मर्यादा ३,५०० किलो. (१७४१ चे ६० हंड्रेडवेट म्हणजे सुमारे ३,०५० किलो!) शंभर लिटर पाण्याचेच शंभर किलो होतात. शिवाय एकूण वजन मर्यादेत असूनही मागचा आस अतिभारित असू शकतो. म्हणून प्रथम पूर्ण गाडी, मग पुढची व मागची चाके वेगवेगळी तोलतात.

११/ हा प्रश्न आपल्यालाही परका नाही. ऊस उत्पादकाला ‘काटामारी’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. बाहेरच्या काट्यावर ऊस तोलून घेण्याची मुभा असावी, ही त्याची मागणी म्हणजे त्या खाण कामगारांच्याच मागणीचे दुसरे रूप.

१२/ वायटच्या तरफांनी वजन अचूक केले. ते विश्वासार्ह व्हायला मात्र कायदा आणि दुसऱ्या तपासनिसाची नजर लागली. पुढच्या वेळी भुईकाट्यावरून ट्रक जाताना दिसला, तर आकड्याबरोबरच तो आकडा कोण तपासतो, हेही जरूर विचारा.